लिंबाच्या केकची सातवी ओळ

३ मार्च

धाकटे,

ताईचे आशीर्वाद, तुला हवे असोत वा नसोत.

हे पत्र मी बहीण म्हणून लिहीत नाही. बहीण म्हणून लिहिलेल्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा ती हौस फिटली. हे पत्र मी चाहता मंडळाची चिटणीस म्हणून लिहितेय. तू रागारागाने राजीनामा दिलास तरी तुझं नाव वर्षअखेरीपर्यंत यादीत आहे, आणि यादीतल्या एकतीसही जणांना इन्स्पेक्टरसाहेबांच्या बातम्या कळवणं हे माझं काम आहे. तर बातम्या अशा:

एक. साहेबांचा उजवा गुडघा बदलला. आता धावत्या जीपमधून उतरायची दृश्यं बंद. तशी ती वीस वर्षांपूर्वीच बंद झाली होती, पण आता डॉक्टरांनीही सांगितलं.

दोन. त्र्याहत्तर सिनेमांपैकी एक्केचाळीस सिनेमांत इन्स्पेक्टर झालेल्या माणसाला एका मालिकेत आजोबांचं काम मिळालंय. आजोबा पहिल्याच आठवड्यात जातात. पुढे फोटोतून दिसत राहतील. आम्ही मिनिटं मोजणार आहोत.

तीन, आणि ही मोठी बातमी. साहेबांचं स्वतःच्या हातचं पत्र आलंय. सहा वर्षं मी त्यांना दर महिन्याला आपलं पत्रक पाठवतेय, पहिल्यांदा उत्तर आलं. पत्र तुझ्या नावावर होतं, पण पत्ता आपल्या लाँड्रीचा, म्हणून मी उघडलं. लाँड्रीत आलेल्या प्रत्येक गोष्टीचे खिसे तपासायचे हा आमचा नियमच आहे, तुला माहीत आहे. तुझ्या लिंबाच्या केकबद्दल त्यांनी लिहिलंय. एकूण सूर चांगला आहे. मे महिन्यातल्या वार्षिक सभेला ते जातीने येणार आहेत आणि तो केक त्यांना तुझ्याच हातचा खायचाय.

तेव्हा आधी दोन दिवस ये. झालं गेलं मी मनात ठेवलेलं नाही.

तुझे भावोजी बरे आहेत. सोबत त्यांच्या बटाट्याच्या सूपची कृती देतेय, पत्रकाच्या पुढच्या अंकात घेणार आहे: चार बटाटे उकडून कुस्करायचे, कांदा लोण्यात मंद परतायचा, पेलाभर दूध, मीठ, मिरपूड, एक उकळी. रिवाजाप्रमाणे एक जिन्नस ठेवून घेतलाय. ओळख पाहू.

तुझी,
चिटणीस (ताई)


१४ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र मिळालं. केक करत नाही." एवढंच. कार्डावर अजून बारा ओळींची जागा होती. मी मोजली.

केक करत नाही म्हणजे काय? अठ्ठावीस वर्षं करत आलीस. आईनंतर तो केक कोणाला जमत असेल तर तुला, हे मी स्वतः चारचौघांत म्हटलेलं आहे. एका वाढदिवसाचं इतकं मनाला लावून घ्यायचं?

आणि त्या दिवशी माझं काय चुकलं ते एकदा मला समजावून सांग. साहेबांचा सत्तरावा वाढदिवस. त्या महिन्याच्या पत्रकात तुझी कृती, आणि वाढदिवसाची कृती जशी छापली तशीच करायची, पदरचं काही घालायचं नाही, हा मंडळाचा नियम. एकतीस जणांनी एकतीस केक केले आणि सभागृहाच्या टेबलावर एकतीस फरशा मांडल्या गेल्या. दाताच्या डॉक्टरांनी मोठ्या उत्साहाने पहिला घास घेतला आणि त्यांचीच दाढेवरची टोपी निघाली. त्यावर लोक बोलणारच. टायपिस्टबाई म्हणाल्या, "आम्ही सगळे एकेक जिन्नस ठेवून घेतो, मग घरी येऊन विचारलं की चहाबरोबर सांगतो. तू कधी काही राखून ठेवत नाहीस म्हणून तुला कोणी विचारायला आलं नाही. आणि तूच असं करावंस?" तू म्हणालीस, "मी सगळं लिहिलं होतं." त्यांनी विचारलं, "मग काय राहिलं ते सांग." आणि तू माझ्याकडे बघितलंस.

अशा वेळी मोठ्या बहिणीने मूग गिळून बसावं का? मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ती पहिल्यापासून जरा धांदरट आहे, विसरली असेल, माझ्याकडे बघून सांभाळून घ्या." सांभाळून घेतलंही त्यांनी. टाळ्या वाजल्या. आणि तू पर्स उचलून चालती झालीस. त्याला आता आठ महिने होतील.

असो. तू येत नसशील तर केक मीच करीन. आई माझीही होती.

ताई


२७ मार्च

धाकटे,

पहिला केक: मधोमध खड्डा. दुसरा: खड्डा, कडा काळ्या. तिसऱ्याला खड्डा नव्हता, कारण तो वर आलाच नाही. तुझे भावोजी सगळे खातात आणि "छान आहे, पण आता पुरे" म्हणतात. चौथा त्यांनी दुकानाच्या दाराला अडसर म्हणून लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हा दगड कुठून आणला.

काय चुकतंय कळत नाही. लिंबाची साल किसताना पांढरा भाग येऊ दिला नाही. मैदा तीनदा चाळला. अंड्यांचं पांढरं वेगळं काढून अगदी हात मोडेस्तोवर घोटलं, आणि मग

ते असो.

भावोजींचं म्हणणं, मी दर पाच मिनिटांनी ओव्हनचं दार उघडून आत बघते, त्यामुळे बसतो. मी म्हटलं, इस्त्रीखाली काय चाललंय ते बघायला नको? ते म्हणाले, "ती इस्त्री आहे, हा केक आहे. इस्त्रीला विश्वास लागत नाही." कधी नव्हे ते चुरचुरीत बोलले, तर तेही माझ्याच विरुद्ध.

दुकानातलं: तो काळा ओव्हरकोट अजून नेलेला नाही कोणी. अकरा महिने झाले. भावोजी म्हणतात देऊन टाकू कोणाला तरी. मी म्हटलं, हात लावायचा नाही.

तू कशी आहेस? वॉर्डातली पाळी कुठली असते सध्या? कार्डावर लिहिलंस तरी चालेल. बारा ओळी असतात.

ताई


६ एप्रिल

धाकटे,

काल आपल्या मंडळातले चष्मेवाले येऊन गेले. त्यांच्या सासूबाईंना तुमच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ते म्हणाले, तू खाली नोंदणीच्या खिडकीत बसतेस. मी म्हटलं, चुकताय, माझी बहीण सव्वीस वर्षं वॉर्डात नर्स आहे, तिच्या हातचं इंजेक्शन कळतसुद्धा नाही. ते म्हणाले, "मीही तिला तेच विचारलं. ती म्हणाली, मीच बदलून मागितलं. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. औषधं देताना तीन-तीनदा बघते, तरी खात्री वाटत नाही. आईची कृती आयुष्यभर केली, तीसुद्धा लिहिताना विसरले, तर दुसऱ्याच्या गोळ्यांचं काय घ्या."

त्यानंतर मी दोन गिऱ्हाइकांच्या शर्टांची अदलाबदल केली आणि एका पांढऱ्या चादरीवर इस्त्री तशीच ठेवून गेले. आता बसून लिहितेय, भावोजी दुकान बघताहेत.

धाकटे, तू काही विसरली नव्हतीस.

कृती तू पूर्ण लिहिली होतीस. आठ ओळी. अक्षर माझं चांगलं म्हणून पत्रकाची प्रत नेहमी मी काढते, आणि सातवी ओळ मी गाळली. नजरचुकीने नाही. नजरचूक असती तर तिसऱ्या ओळीतल्या "सहा बलक" याचं मी "सहा अंडी" केलं नसतं. पांढऱ्याचं काय करायचं अशी कोणाला शंका येऊ नये म्हणून ते केलं. बघ किती विचार करून केलं.

तू मला दोनदा विचारलंस, "ताई, माझा कागद दाखव." मी म्हटलं, झेरॉक्स झाल्यावर फेकला. फेकला नव्हता. त्या काळ्या ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात होता. आता या पाकिटात आहे. नीट बघ, तुझंच अक्षर आहे, आणि शब्द जसेच्या तसे आईचे:

"सात. सहा अंड्यांचं पांढरं वेगळं घोटावं. घोटून झालं की भांडं मोठीच्या डोक्यावर उलटं धरावं, ती हलत नाही. फेस पडला नाही तर झाला. मग हलक्या हाताने मिसळावा."

तू म्हणशील, का? मी गेले आठ महिने स्वतःला सांगत होते की घरातली गोष्ट घरात राहावी म्हणून. खरं ते नाही. कृतीच्या वर तुझं नाव छापणार होते आणि खाली आईचं. मी त्यात होते ती फक्त त्या ओळीत. तुला आठवतं ना, आई भांडं उलटं करायची तेव्हा तू टेबलाखाली पळायचीस आणि मी डोळे मिटून खुर्चीवर बसायचे, आणि ती म्हणायची, "माझी मोठी हलत नाही." तिने माझं केलेलं कौतुक म्हणजे तेवढंच. केक तुला जमायचा, शिक्षण तुला जमलं, मला न हलणं जमायचं. ते एकतीस घरांत वाटून टाकायचं माझ्या जिवावर आलं. तू मात्र सहज लिहून दिलंस, जसं सगळंच देतेस.

आणि मग सभेत तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मी एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. त्याऐवजी मी तुझ्यासाठी माफी मागितली. चोर ते चोर, वर शिरजोर. टाळ्यासुद्धा घेतल्या. डाग पडला की आधी धुवायचा, त्याच्यावर इस्त्री फिरवली की तो कायमचा बसतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते आणि घरी येऊन तेच करते.

साहेबांचं पत्रही पाठवतेय. मी तुला म्हटलं होतं, सूर चांगला आहे. वाच:

"बाई, तुमचा केक तीनदा केला, तीनदा लाकूड झालं. तुमच्या आधीच्या सगळ्या कृती मला जमल्या आहेत, म्हणून वाटतं, दोष तुमचा नसावा. तुमची एक ओळ कोणीतरी कापली आहे. पन्नास वर्षं या धंद्यात माझ्या इतक्या ओळी कापल्या गेल्या आहेत की कापलेली जागा मला ऐकू येते. सहावी ओळ आणि शेवटची ओळ यांच्या मध्ये काहीतरी होतं. ते तुमच्या तोंडून ऐकायला आणि खायला मे महिन्यात येईन."

एक्केचाळीस सिनेमांत हा माणूस सगळं उरकल्यावर पोहोचला. खऱ्या आयुष्यात एकदाच तपास केला आणि बरोबर माझ्या दारात आला.

तू केक करायला ये असं आता मी म्हणत नाही. तू खिडकीतून उठून वर वॉर्डात जा. तुझं डोकं शाबूत आहे. माझंच ठिकाणावर नव्हतं.

ताई


२२ एप्रिल

धाकटे,

उत्तर नाही. बरोबरच आहे. तरी लिहिते, कारण बातम्या आहेत.

या महिन्याच्या पत्रकात पहिल्या पानावर साहेबांचा फोटो असतो तिथे चूकदुरुस्ती छापली. सातवी ओळ पूर्ण, आणि खाली: "ही ओळ चिटणिसांनी जाणूनबुजून गाळली होती. कृती लिहिणारीचा काही दोष नव्हता. ती धांदरट नाही." पत्रक टपालात टाकण्याआधी मासिक बैठकीत उभी राहून वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या नाहीत.

पहिले दाताचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे माझी टोपी तुमच्यामुळे गेली." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "आठ महिने मी तुमच्या बहिणीला नावं ठेवतोय. आता सगळी परत घ्यावी लागतील." मग टायपिस्टबाई एकदम रडायला लागल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या टोमॅटोच्या रश्शात चमचाभर साखर असते, आणि हे त्यांनी सख्ख्या जावेलाही सांगितलेलं नाही. चष्मेवाल्यांनी गाजराच्या वड्यांमधलं तीळकूट कबूल केलं. मग जी रीघ लागली ती लागली. सहा वर्षांतलं राखून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. पुरवणी काढावी लागतेय, अकरा पानं झालीत. डॉक्टरांच्या पावात काहीच राखलेलं नव्हतं, तो मुळातच तसा होतो.

भावोजींच्या सूपमधला जिन्नस: जायफळ, नखाएवढं. तू ओळखलंच असशील.

चिटणीसपद मी सोडलं. त्यांनी परत माझ्याच गळ्यात घातलं, अक्षर चांगलं म्हणून. आता मी प्रत काढते तेव्हा टायपिस्टबाई शेजारी बसून ओळी मोजतात.

साहेब अकरा मे रोजी येतील. केकचं काय करायचं ते मी बघते. आठवा केक नुसता वाकडा झाला, म्हणजे प्रगती आहे. ओव्हनसमोर भावोजी पाठ लावून बसतात, मला दार उघडू देत नाहीत.

ताई

ता. क. पत्र बंद करत होते एवढ्यात तुझं कार्ड आलं. भावोजींनी मोठ्याने वाचलं आणि मग त्यांना चष्मा पुसावा लागला. "दहा तारखेच्या बसने येते. अंडी ताजी आण. भांडं माझं आणते. डोकं तुझं." बारा ओळींची जागा होती, पण एवढ्यात भागलं. बस कितीची, ते मात्र लिहिलं नाहीस. मी सकाळपासून थांब्यावर उभी राहीन.


१६ मे

धाकटे,

तू गेलीस त्याला तीन दिवस झाले, अजून माझ्या कानामागे चिकट लागतंय.

सभेचा वृत्तांत पत्रकात येईलच, पण पत्रकात सगळं लिहिता येत नाही. साहेब सिनेमात दिसतात त्यापेक्षा बुटके आहेत आणि काठी टेकून आले, तरी दारात उभे राहिले तेव्हा निम्म्या सभेने नकळत हात वर केले. तू त्यांना आईची ओळ सांगितलीस तेव्हा ते म्हणाले, "एवढी मोठी ओळ मला कोणी कधी दिली नाही. मी म्हणू का?" आणि खास इन्स्पेक्टरच्या आवाजात त्यांनी ती म्हटली, "भांडं मोठीच्या डोक्यावर उलटं धरावं." मला वाटलं, आता बेड्या निघतात.

मग तू मला खुर्चीवर बसवलंस. एकतीस माणसं, एक नट, आणि मध्ये मी, पन्नाशी उलटलेली बाई, नवीन साडीत. तू भांडं उलटं केलंस आणि सहाच्या सहा अंड्यांचं पांढरं माझ्या डोक्यावरून मानेत, मानेतून पाठीत. पहिली तू हसलीस. भांडं टाकून, पोट धरून, टेबलाला टेकून हसलीस, आईच्या स्वयंपाकघरात हसायचीस तशी. मग सगळेच. मग तू टेबलाखालून दुसरं भांडं काढलंस, नीट घोटलेलं, झाकलेलं, आणि तासाभराने जो केक झाला त्याचे साहेबांनी तीन तुकडे खाल्ले. सभेला तू सांगितलंस, "पहिला फेस कमी घोटला गेला वाटतं, लक्षात आलं नाही." सभेने विश्वास ठेवला.

सोमवारपासून तू वॉर्डात परत जाणार, हे तू बसमध्ये चढताना सांगितलंस, म्हणजे मला धड रडताही आलं नाही. पहिल्या दिवसाचं कार्ड टाक.

साडी धुतली. अंड्याचा डाग थंड पाण्याने जातो, गरम लावलं की बसतो. गेला सगळा.

आता एक गोष्ट, ही छापायची नाही. भांडं डोक्यावर यायच्या आधी मी आत बघितलं होतं. तीस वर्षं फेसात हात घालून पोट भरणाऱ्या बाईला कच्चा फेस कळत नाही, असं तुला वाटलं की काय? तो भांड्यात चांगला डुचमळत होता, आणि तू माझ्याकडे बघत होतीस.

मी हलले नाही.

तुझी,
मोठी